डुगडुगणारी खुर्ची आणि तिच्यातले दोन खिळे

प्रश्न : ताई, आजोबांच्या वेळची खुर्ची आहे. मागचे पाय डुगडुगतात. एकदा दोन खिळे ठोकून घेतले, नंतर सांध्यात फेविकॉल भरला. सहा महिने टिकतं, पुन्हा तेच. आता सुतार म्हणतो, टाकून द्या. खरंच टाकायची का?

टाकू नका. पाय मोडलेला नाही, सांधा सुटलाय. आपण मागे रेलून पुढचे पाय उचलतो ना, तेव्हा सगळा भार मागचा पाय आणि बैठकीची आडपट्टी जिथं मिळतात तिथं येतो. बहुतेक खुर्च्या आधी तिथंच सैल होतात.

फेविकॉल का टिकला नाही? गोंद लाकडाला धरतो, वाळलेल्या जुन्या गोंदाला नाही. फटीत वरून ओतलेला गोंद जुन्या थरावर नुसता बसून राहतो. म्हणून सांधा पूर्ण उघडून, खरवडून, कोरं लाकूड दिसल्याशिवाय मी गोंदाची बाटली हातात घेत नाही.

तुमची खुर्ची जुनी आहे, तेव्हा आत सरस असण्याची शक्यता बरीच. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद. सांध्याच्या कडेला त्याचा तपकिरी, काचेसारखा ओघळ सापडला तर त्यावर गरम पाण्याचा थेंब ठेवा आणि पाच मिनिटांनी बोट लावून बघा. चिकट लागलं तर नशीब चांगलं. ऊब आणि ओल दिली की सरस सुटतो, लाकूड न फाटता सांधा मोकळा होतो. वरचा पांढरा गोंद, म्हणजे तुमचा फेविकॉल, मात्र चिवट. तोही उष्णतेने मऊ पडतो, पण बराच वेळ खातो.

खरी डोकेदुखी तुमच्या त्या दोन खिळ्यांची. सांधा ओढायला गेलं की खिळा आतून लाकूड फाडतो. पक्कड लावून उपटू नका. मी खिळ्याभोवती पोकळ नळीसारखं ड्रिल फिरवते, खिळा बाहेर काढते आणि भोकात त्याच जातीच्या लाकडाची गुल्ली बसवते, रेषा जुळवून. खिळे ठोकायला दोन मिनिटं लागली असतील, काढायला माझा अर्धा दिवस जातो.

आडपट्टीचं टोक खाचेत ढिलं असेल तर ती फट गोंदाने भरू नका. टोकाच्या दोन्ही अंगांना लाकडाचा पातळ काप चिकटवा, वाळल्यावर थोडा थोडा तासा. हाताने दाबून आत जाईल, पण आपोआप बाहेर पडणार नाही, इतकी घट्ट हवी. आधी गोंदाशिवाय जोडून बघा. मग गोंद, मग शिकंजा, आणि चारही पाय सपाट जागेवर टेकतात का ते गोंद ओला असतानाच तपासा. एक दिवस कुणीही बसायचं नाही.

आणखी एक, माझ्या अनुभवातलं. उमेदवारीत असताना मी चार खुर्च्यांचा संच एकदम उकलला. सारख्याच दिसतात, मग खुणा कशाला? जोडताना एकाही खुर्चीचा पाय दुसरीला बसेना. हाताने कोरलेली प्रत्येक खाच वेगळी. आठवडाभर मी पाय अदलाबदल करत बसले होते. तेव्हापासून सांधा उघडण्याआधी दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावून त्यावर एकच आकडा लिहिते.

प्रश्न : जुन्या कपाटाचं पॉलिश काळवंडलंय. सगळं घासून नव्यानं पॉलिश करावं का?

घासायची एवढी घाई का? त्यातलं निम्मं काळं मळ असतो. दाराच्या आतल्या बाजूला कोपऱ्यात सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला कापूस फिरवा आणि कापूस बघा. मग तिथंच पुसून, वाळवून, पॉलिशच्या स्पिरिटचा एक थेंब. मिनिटभरात चिकट झालं तर ते लाखेचं पॉलिश. ते काढावं लागत नाही, नवी पातळ लाख जुनीत विरघळून एक होते. सुती कापडाच्या पोटलीने पातळ हात मारत जायचं, एकाच जागी रेंगाळायचं नाही. स्पिरिटला दाद दिली नाही पण थिनरने विरघळलं, तर लॅकर. दोन्हींनी काही झालं नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) यांसारखं कडक रासायनिक पॉलिश असेल. ते काम जाणकाराला द्या.

लाख मात्र ताजी कालवलेली हवी. जुनी झाली की ती नीट वाळतच नाही, दोन दिवसांनीही बोटाचा ठसा उमटतो. आधी काचेच्या तुकड्यावर लावून बघा.

आणि कपाट व्हिनिअरचं, म्हणजे फळीवर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेलं असेल, तर सँडर (घासायचं यंत्र) लावूच नका. फळीच्या कडेला पातळ पापुद्र्याची रेघ दिसते का बघा. तो पापुद्रा अनेकदा एक मिलिमीटरही नसतो. एकदा फिरतं सँडर माझ्या हातून अर्धा क्षण जास्त थांबलं आणि दाराच्या मधोमध रुपयाएवढा वेगळाच रंग उघडा पडला. त्याला इलाज म्हणजे ठिगळ.

प्रश्न : टेबलाच्या पायाला बारीक भोकं आहेत, खाली पीठ पडतं. कीड जिवंत आहे का?

पीठ झाडून घ्या, भोकांभोवती पेन्सिलने गोल करा, खाली काळा कागद पसरून महिनाभर थांबा. टेबल हलवलं की जुन्या भोकांतूनही पीठ गळतं, तेव्हा तेवढ्यावरून घाबरू नका. नवं भोक पडलं किंवा टेबल न हलवता कागदावर पीठ साठलं, तर किडा आत आहे. औषध उघड्या लाकडावर लावा, पॉलिशवरून ते आत झिरपत नाही.

प्रश्न : ओट्याखालच्या कपाटाची तळाची पार्टिकल बोर्डची फळी पाण्याने फुगली आहे. वाळवून पुन्हा सपाट होईल का?

नाही. फळी बदला. पण आधी नळाची गळती थांबवा, आणि नव्या फळीच्या कापलेल्या कडा बंद करून घ्या. पाणी तिथूनच शिरतं.