फरशी न उखडता जुन्या घराचं वायरिंग बदलता येतं का?

तुम्ही विचारलंय की जुन्या घराचं सगळं वायरिंग बदलायचंय, फरशीला हात लावायचा नाही, तर ते जमेल का आणि किती दिवस लागतील. जमतं. आणि ज्याला जमत नाही त्या वायरमनला काम देऊ नका.

हे इतकं ठासून लिहितेय कारण आमच्या घरातल्या तीन फरश्या या वादात गेल्या. घर वडिलांनी बांधलेलं, नक्षीच्या सिमेंटच्या फरश्या आईने एकेक बघून घेतलेल्या. वायरचं रबर इतकं कडक झालं होतं की बोर्ड उघडून वायर जरा वाकवली की कवच गळून पडायचं. बदलायलाच हवं होतं, त्यावर दादाचं आणि माझं एकमत होतं. पण खालचे सॉकेट फरशीखालच्या लोखंडी पाइपातून आलेले होते, आणि वायरमन म्हणाला, जुन्या वाटेनेच नवी वायर जाईल, पाइप अडला तर तेवढी पट्टी फोडू. मी म्हटलं, फरशी फोडायची नाही. दादा काही बोलला नाही. संध्याकाळी कामावरून आले तर मधल्या खोलीत तीन फरश्यांचे तुकडे. दादाने परवानगी दिली होती.

आणि खाली काय निघालं? पाइप सांध्यापाशी गंजून गेलेला. वायर ना पुढे सरकत होती ना मागे. म्हणजे ती वाट तशीही वापरता आली नसती. या फरश्यांचा रंगाचा थर वरचा जेमतेम ३-४ मिलिमीटरचा असतो आणि खालचा माल जमिनीला धरून बसलेला, त्यामुळे अख्खी निघणं नशिबाचं. तशीच नक्षी नवीन करून मिळते, पण कित्येक वर्षं पावलांनी घासून आलेला रंग करून मिळत नाही. आजही तिथे तीन चौकोन वेगळे दिसतात.

मी काम थांबवलं आणि दुसरे, वयाने मोठे वायरमन आणले. त्यांनी एकच गोष्ट सांगितली: फरशीखालचं मेलं असं समजा. दोन्ही टोकं सोडवायची, डीबीतून, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या फ्यूजच्या पेटीतून, तोडायची, जुनी वायर आत राहिली तर राहू द्यायची. नवी वाट वरून. डीबीतून सरळ वर, छताजवळून आडवी, दाराच्या चौकटीवरून पलीकडच्या खोलीत, आणि जिथे सॉकेट हवा तिथे सरळ खाली. उंबऱ्यातून काही न्यायचं नाही. भिंतीच्या दोन्ही बाजूंना सॉकेट हवे असतील तर वायर एकाच बाजूने खाली उतरवून भिंतीतून आरपार भोक पाडायचं, म्हणजे एक झिरी (पाइप बसवायला भिंतीत मारलेली खाच) वाचते.

छतातले पाइप चांगले असतील तर ते वापराच. जुन्या वायरच्या टोकाला नवी बांधून ओढायची, गाठ निमुळती ठेवायची, टाल्कम पावडर लावायची. तेल लावू देऊ नका, वायरचं पीव्हीसीचं कवच खराब होतं. पाइप ४० टक्क्यांहून जास्त भरायचा नाही, नाहीतर ओढताना कवच सोलतं.

दादाचा मुद्दा होता की वरून नेलं की वायर लांबते आणि व्होल्टेज पडतं. दोन वर्षं हे ऐकतेय, म्हणून हिशोब इथेच मांडते. एका सॉकेटला वर जाऊन खाली येण्यात साधारण ५ मीटर वाट वाढते, म्हणजे फेज आणि न्यूट्रल मिळून १० मीटर तांबं. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेचा रोध मीटरला साधारण ७.४ मिलिओहम. १६ अँपिअर पूर्ण ओढले तरी जास्तीची घट सव्वा व्होल्टच्या आत, २३० व्होल्टवर अर्धा टक्का. ३ ते ५ टक्क्यांपर्यंत घट चालवून घेतात. या अर्ध्या टक्क्यासाठी आईची फरशी फोडली.

झिरीबद्दल मात्र मी स्वतः हट्टी होते, सगळं भिंतीच्या आतच हवं होतं. त्या वायरमननी अर्ध्या विटेच्या भिंतीत आडवी झिरी मारायला साफ नकार दिला. आडवी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक षष्ठांशापेक्षा खोल नसावी, उभी एक तृतीयांशापर्यंत चालते. १० सेंटिमीटरच्या भिंतीत एक षष्ठांश म्हणजे १७ मिलिमीटरही नाही, २० मिलिमीटरचा पाइप बसतच नाही. तिथे वरच्या कडेला केसिंग पट्टी, म्हणजे भिंतीवरून वायर नेणारी झाकणाची पोकळ पट्टी, लावली, भिंतीच्या रंगात रंगवली. पट्टी वाईट दिसते म्हणणाऱ्यांनी आधी फुटलेली फरशी बघावी. पट्टी स्क्रू काढून बदलता येते.

काम चालू असताना फरशीवर जाड पोती आणि त्यावर प्लायवूड टाका, नुसतं प्लॅस्टिक नको. छिन्नी हातातून सुटली की फरशीच फुटते. सिमेंटची धूळ आधी कोरडी उचला, ओली करून पुसलीत तर डाग बसतो.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. बीम आणि कॉलमला झिरी मारायची नाही. मातीच्या किंवा लाकडी सांगाड्याच्या भिंती असतील तर वरचं झिरीचं गणित लागू नाही, तिथे पट्टीच. फरशीखालची वायर मेली असं कुणाच्या तोंडी सांगण्यावर धरू नका, टेस्टर नाही, मीटर लावून बघा. जुन्या घरात दोन सर्किटना एकच न्यूट्रल दिलेलं सापडतं, ते तसंच ठेवून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावली की ती सारखी पडते आणि लोक वैतागून काढून टाकतात. न्यूट्रल वेगळं करा, आरसीसीबी काढू नका. अर्थिंगची तार प्रत्येक सॉकेटला नवी. आणि भिंती बुजवण्याआधी मेगर (वायरचं कवच धड आहे का ते तपासणारं यंत्र) लावून घ्या, ५०० व्होल्टवर १ मेगाओहमच्या खाली आलं तर पैसे देऊ नका. हे सगळं परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यायचं, पुन्हा सांगत नाही.

दिवसांचं म्हणाल तर भिंती कशा आहेत त्यावर आहे. आमच्या पाच खोल्यांना अकरा दिवस लागले, प्लास्टर वाळायचे वेगळे. मधल्या खोलीतल्या त्या तीन फरश्यांवर दादाने कपाट सरकवून ठेवलं होतं. मी ते परत जागेवर नेलं.