क्लच उतरवताय ना? मग बेअरिंग त्याच कामात बदला

तुमची 2004 ची पोर्शे बॉक्स्टर, 70 हजार किलोमीटर झालेत, क्लच बदलायला टाकताय आणि विचारताय की सोबत आयएमएस बेअरिंगही (इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टच्या, म्हणजे कॅमच्या चेन फिरवणाऱ्या मधल्या दांड्याच्या टोकावरचं) आत्ताच बदलून घ्यावं की ‘काही होईपर्यंत’ गाडी तशीच चालवावी. बदला. हे ‘काही होईपर्यंत’ वाचलं म्हणूनच लिहायला बसलो, नाहीतर मी अशा प्रश्नांच्या वाटेला जात नाही. याच शब्दांवरून 2017 साली माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं वाजलं, ते अजून मिटलेलं नाही.

धुळ्यात आग्रा रोडला आमचं गॅरेज, वडिलांच्या काळापासूनचं. ट्रक, ट्रॅक्टर, जीप यांत हयात गेली. एका जिनिंगवाल्यांच्या मुलाने मुंबईहून जुनी 2003 ची बॉक्स्टर आणली आणि क्लच घसरायला लागल्यावर विश्वासाने आमच्याकडे लावली. मी पंधरा रात्री जागून त्या इंजिनाबद्दल मिळेल ते वाचलं होतं. गिअरबॉक्स उतरवला, फ्लायव्हील काढलं आणि बॅटरी मारून बघितलं. इंटरमीडिएट शाफ्टच्या टोकावरचं ते तीन बोल्टांचं झाकण खालच्या बाजूने ओलं होतं. बोट फिरवलं, बोटाला तेल लागलं.

मी दादाला म्हटलं, हे बेअरिंग मागवू. बाहेरून यायला तीन आठवडे लागतील, पण आत्ता सगळं उघडंच आहे. दादाने वाकून बघितलं आणि म्हणाला, “चालती गाडीले कसाले हात लावस? काही आवाज शे का?” आवाज नव्हता. मुलाच्या बहिणीचं लग्न तोंडावर होतं, त्याला वरातीला गाडी हवी होती. दादाने त्याला सांगितलं, काही होईपर्यंत बिनधास्त चालव. मी गप्प बसलो. मोठ्या भावापुढे गिऱ्हाइकासमोर बोलायचं नाही, हे आमच्या घरातलं वळण. नवा क्लच घातला, गिअरबॉक्स चढवला, गाडी गेली.

चार महिन्यांनी संध्याकाळी त्या मुलाचा फोन आला. लळिंग घाटात गाडी बंद पडली होती. तो सांगत होता, “काका, डब्यात खिळे टाकून हलवल्यासारखा आवाज आला, दहा सेकंद, आणि मग इंजिनच बंद.” टो करून आणली. मी ऑइलचा बोल्ट काढला आणि तसराळ्यात जे पडलं ते विसरू शकत नाही. काळ्या तेलावर चांदीचा वर्ख पसरल्यासारखं चमचम करत होतं. फिल्टर कापला, त्याच्या घड्यांमध्ये लोखंडाचे पापुद्रे आणि बेअरिंगच्या सीलचे काळे तुकडे. चेनचं टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ, सुटून व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळले होते. इंजिन बांधायचा खर्च ऐकून त्याच्या वडिलांनी गाडी आहे त्या स्थितीत भंगाराच्या भावाने देऊन टाकली. आम्हाला एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

दादा आजही म्हणतो, तो नशिबाचा भाग. नाही. या बेअरिंगला ‘आवाज आल्यावर बघू’ हा हिशोब चालतच नाही, हेच त्याला मला सांगायचं आहे. आपल्या ट्रकचं बिग एंड (क्रँकवरचं कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग) आठवडाभर ठोका देतं, माणूस सावध होतो. इथे आत सीलबंद बॉल बेअरिंग आहे. दोन्ही बाजूंना सील, आत कंपनीचं ग्रीस. गरम तेलाच्या संगतीत सील कडक होतं, ग्रीस धुऊन जातं आणि आत शिरलेलं थोडंसं तेल तिथेच साचून राहतं. गोळ्या कोरड्या पडतात, शाफ्ट डुगडुगतो, आणि त्याच शाफ्टवरून कॅमच्या चेन फिरतात. आवाज येतो तेव्हा इशारा देण्याची वेळ संपलेली असते.

साल महत्त्वाचं आहे. सुरुवातीच्या गाड्यांत दोन रांगांचं बेअरिंग होतं, ते बरंच टिकाऊ. साधारण 2000 ते 2005 च्या गाड्यांत एका रांगेचं, तेच बदनाम. तुमची गाडी त्यात बसते. अमेरिकेत 2001 ते 2005 च्या मॉडेलांवरून मालकांनी पोर्शेवर खटला भरला आणि 2013 मध्ये तडजोड झाली. 2006 ते 2008 चं बेअरिंग मोठं आहे, पण इंजिनाचे दोन भाग केल्याशिवाय निघत नाही, म्हणून ते आहे तसं ठेवतात. 2009 पासूनच्या नव्या इंजिनात हा शाफ्टच नाही. गिअरबॉक्स उतरल्यावर त्या झाकणाचा मधला नट बघा. 13 चा पाना बसला तर बेअरिंग जागेवर निघेल, 22 चा लागला तर हात लावू देऊ नका. आधीच्या मालकाने इंजिन बदललेलं असू शकतं, त्यामुळे आरसी बुकावरचं साल पुरेसं नाही.

क्लचच्या कामात निम्मी मजुरी तशीही भरताय. क्रँकचं मागचं ऑइल सीलही त्याच वेळी बदला.

आता दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. बहुतेक गाड्यांना हा त्रास कधीच होत नाही, तुमचीही तशीच निघू शकते. आणि फिल्टर आधी कापून बघा. त्यात लोखंड दिसलं तर नुसतं नवं बेअरिंग घालून काही साधत नाही, तो चुरा इंजिनभर फिरलेला असतो.

दादाच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे, तीही लिहितो. क्रँक आणि कॅम लॉक करायची हत्यारं आणि बेअरिंग ओढून काढायचा पुलर ज्याच्याकडे नाही, त्याने हे काम केलं तर टायमिंग सुटून चांगलं इंजिन त्याच्याच हाताने जाईल. तेव्हा ती हत्यारं आमच्याकडे नव्हती. पण तीन आठवड्यांत बेअरिंगबरोबर तीही आली असती, आणि हे मी त्या दिवशी त्या मुलासमोर बोलायला हवं होतं.

तुमच्या मेकॅनिकला हत्यारं दाखवायला सांगा. आणि झाकण ओलं दिसलं तर फोटो इथे टाका, मी रोज रात्री नऊनंतर बघतो.