कांदापट्टीचा प्रोग्रॅम : १३८० रुपये गेले कुठे?

प्रश्न : कांद्याच्या हिशोबपट्टीचा प्रोग्रॅम सी भाषेत लिहिते आहे. फ्लोचार्ट सरांनी दिलाय : वजन किलोत, भाव क्विंटलचा, हमाली १००० किलोपर्यंत क्विंटलला ८ रुपये, त्यापुढे ७. भाव १८४० धरला तर १२०० किलोची मालाची रक्कम बरोबर येते, पण १२७५ किलोला २३,४६० ऐवजी २२,०८० येतात. फ्लोचार्ट तर बरोबर आहे. मग चूक कुठे, आणि तपासणी किती करायची?
— डिप्लोमाची विद्यार्थिनी, पंचवटी, नाशिक

उत्तर : १३८० रुपये भागाकारात गेले. वजन 'इंट' (फक्त पूर्णांक ठेवणारा प्रकार) असल्याने १२७५ भागिले १०० चं उत्तर सी भाषा १२ देते, वरचे ७५ किलो सोडून देते. १२०० ला १०० ने पूर्ण भाग जातो, म्हणून तिथे चूक लपली. 'फ्लोट' (अपूर्णांक ठेवणारा प्रकार) वापरायचा मोह होईल, पण ०.१ सारखी संख्याही त्यात अचूक बसत नाही. पैशांच्या हिशोबात तो नकोच. किलोला क्विंटलच्या भावाने गुणा, उत्तर थेट पैशांत येतं : १२७५ × १८४० = २३,४६,००० पैसे. हमालीही तशीच काढा. १०० ने भागायचं ते फक्त छापताना.

फ्लोचार्ट मात्र बरोबर नाही. 'त्यापुढे ७' हा दर सगळ्या मालाला, की फक्त वरच्या किलोंना? सगळ्याला लावला तर १००० किलोला ८० रुपये आणि १००१ ला ७०.०७. माल वाढला, हमाली घटली! वरच्यालाच लावला तर ८०.०७. हा निर्णय कोड लिहिताना मनाने घेऊ नका. सरांना विचारा, फ्लोचार्टमध्ये लिहून घ्या.

तपासणीचा तक्ता कोडच्या आधी वहीत करा, उत्तरं हाताने काढून. पडद्यावरचं उत्तर वहीत उतरवलं तर ती तपासणीच नव्हे. वजनं घ्या १, ९९९, १०००, १००१, १२७५. शिवाय ०, उणे ५ आणि आकड्याऐवजी अक्षरं. १००१ आणखी एक चूक पकडेल : पैसे दोन अंकी छापले नाहीत, तर ८०.०७ चे ८०.७ दिसतात. एक चूक दुरुस्त केली की अख्खा तक्ता पुन्हा चालवा.

अक्षरं टाकल्यावर 'स्कॅनएफ' (टाइप केलेला आकडा वाचणारं फंक्शन) शून्य परत देतं आणि वजनात जुनीच किंमत राहते. ते शून्य तपासा, उरलेली ओळ वाचून टाका, मगच पुन्हा विचारा. नाहीतर वजन पुन्हा पुन्हा विचारणारा लूप थांबणारच नाही.