आजीनं आरतीचं तबक पुढे का दिलं

प्रिय लेकी,

साताऱ्याहून तू पाठवलेला निरोप वाचला. मामाआजोबांच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. आजी पहाटेपासून तिथे राबली, पुरण वाटलं, पंगतीत वाढलं; पण आरतीचं तबक तिच्यापाशी आलं तेव्हा तिनं ते हसून शेजारच्या बाईंच्या हातात दिलं आणि हात जोडून मागे उभी राहिली. तू विचारलंस, 'पूजा करायची नव्हती तर आजी गेली कशाला? आणि गेली तर केली का नाही? आपल्या मराठी लोकांत असं चालतं का?'

फोनवर मी 'चालतं गं' एवढंच म्हणाले. तेवढ्यानं तुझं समाधान झालं नाही आणि ते बरोबरच आहे.

आजीचं माहेर कोरेगाव तालुक्यातलं, शेतकरी घर. देवघर, खंडोबाची जत्रा, पंढरीची वारी, सगळं त्या घरात होतं. ती नर्सिंग शिकायला मिरजेला मिशन हॉस्पिटलात गेली. हे हॉस्पिटल 1894 साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी उभं केलं. ते आपण आता राहतो त्या कॅनडातलेच होते. आजी तिथे आधी फक्त शिकायला आणि पगाराच्या आशेनं गेली होती. पण वॉर्डात ज्या रुग्णांजवळ घरचेही बसत नसत, त्यांच्याजवळ रात्ररात्र बसणाऱ्या सिस्टर तिनं पाहिल्या आणि त्या हे कुणाच्या बळावर करतात, असा प्रश्न तिला पडला. उत्तर शोधता शोधता ती प्रभू येशूकडे आली.

आता मुख्य गोष्ट ऐक. बाप्तिस्मा घेण्याआधी ती मिरजेहून गाडीनं कोरेगावला गेली आणि वडिलांना समोर बसून सांगितलं. चिठ्ठी पाठवली नाही, कुणा पाहुण्याकरवी कळवलं नाही. मैत्रिणी म्हणत होत्या, आधी बाप्तिस्मा घे, मग कळेल त्यांना. ती म्हणाली, 'बाहेरच्यांना आधी आणि घरच्यांना मागून, असं माझ्यानं व्हायचं नाही.' वडील रागावले. घरात यायचं नाही, असंही म्हणाले. ती रडत परत गेली, पण सणावाराला पत्र पाठवायचं तिनं थांबवलं नाही. उत्तर येत नसे, तरी ती पाठवत राही. पुढे वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा हीच मुलगी रजा काढून गेली. त्यांना कुशीवर वळवणं, पाठ पुसणं, घास भरवणं तिनंच केलं. त्या दिवसांत तिनं कुणाला उपदेश केला नाही. रात्री त्यांच्या खाटेशी बसून हळू आवाजात प्रार्थना करायची, तेवढंच. ती मिरजेला परतल्यावर घरून एस.टी.नं वाघ्या घेवड्याचं पोतं आलं. चिठ्ठी नव्हती. पण पोतं वडिलांनी शिवून घेतलंय, हे तिनं ओळखलं.

म्हणून मामाआजोबांच्या घरी ती गेली आणि जातच राहील. ती भावाची बहीण आहे. आरती करत नाही, कारण जे मनात नाही ते हातांनी करणं तिला त्या देवघराचाही अपमान वाटतो. आणि हे तिनं भावाला आदल्या दिवशीच सांगितलेलं असतं, म्हणून तिथे कुणाला धक्का बसत नाही. तुला जे अवघडलेलं वाटलं, ते त्या दोघांनी खूप वर्षांपूर्वी एकमेकांशी बोलून मिटवलेलं आहे.

तू आता साताऱ्यातच आहेस, म्हणून नारायण वामन टिळकांबद्दलही सांगते. उपासनेत पेटी-टाळावर जे अभंग तू गुणगुणतेस, त्यातले कितीतरी त्यांचे आहेत. 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नीवर, लक्ष्मीबाईंवर, आकाश कोसळलं. त्या सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या, पदरी लहान मूल. नवऱ्यापासून त्या दूर राहिल्या, आजारी पडल्या. टिळकांचा विश्वास खरा होता, पण आपल्या माणसाला किती दुखावलं जाईल याचा अंदाज त्यांना आला नसावा, असं मला वाटतं. पुढे त्यांनी केलेली गोष्ट मात्र मला फार मोलाची वाटते. बायकोवर त्यांनी जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या वेगानं विचार केला, शिवाशीव सोडली आणि 1900 साली स्वतः बाप्तिस्मा घेतला. शेवटच्या काळात, 1917 मध्ये, टिळक मिशनचा पगार सोडून साताऱ्यात राहिले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले तिथे ख्रिस्ताच्या नावानं भाऊबहीण म्हणून एकत्र यावेत, ही त्यांची इच्छा होती. 1919 मध्ये ते गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तचरित्राचं काव्य लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. मला विचारशील तर त्या दोघांत लक्ष्मीबाईंचं धैर्य मोठं.

शुभवर्तमानातही हेच दिसतं. अंद्रियाला येशू भेटल्यावर तो आधी आपला भाऊ शिमोन याला शोधायला गेला. गरसेकर लोकांच्या प्रदेशात भुतानं पछाडलेला जो माणूस बरा झाला, त्याला येशूबरोबर नावेतून निघायचं होतं. येशूनं त्याला घरी, आपल्या माणसांकडे पाठवलं. आणि खुद्द येशूच्या भावांचाही आधी त्याच्यावर विश्वास नव्हता. त्यांतला याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी झाला. घरच्यांना वेळ लागतो, हे प्रभूलाही ठाऊक होतं.

पण लेकी, घर म्हणजे फक्त हिंदू नातेवाईक नव्हेत. आपण जे पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती मंडळीत आहोत, त्यांच्या घरात जास्त धैर्य लागतं, असं माझं स्पष्ट मत आहे. गळ्यात क्रूस घालायला कुणी अडवत नाही. मुलाच्या लग्नात हुंडा नको म्हणायला मात्र आपल्याच काकाआत्यांना तोंड द्यावं लागतं. आपल्याकडेही स्थळ आलं की हळूच विचारतात, 'मूळचे कोण?' म्हणजे आजोबा-पणजोबा बाप्तिस्म्याच्या आधी कोणत्या जातीचे होते. तुझ्या मामाच्या लग्नाच्या बैठकीत एका वडीलधाऱ्यांनी हे विचारलं. सगळे गप्प. तेव्हा आजी चहाचे कप गोळा करत होती. ती तिथेच थांबली आणि म्हणाली, 'ते अजून विचारायचं असेल, तर पाण्यात बुडालं ते काय?' मग शांतपणे म्हणाली की मुलगी चांगली आहे, तिला विश्वास आहे, आणि हुंडा म्हणून एक भांडंही या घरात येणार नाही. ते पाहुणे जेवायला थांबले नाहीत. लग्न झालं. तीच तुझी मामी, जिच्या हातचं खारं वांगं तुला इतकं आवडतं.

प्रेषित पौलानं लिहिलंय की ख्रिस्तात यहूदी-हेल्लेणी (म्हणजे ग्रीक), दास-स्वतंत्र असा भेद नाही. रविवारी ते वाचणं सोपं असतं. ते बैठकीच्या खोलीत पाहुण्यांसमोर म्हणणारी माणसं मी आयुष्यात मोजकीच पाहिली, आणि त्यात तुझी आजी आहे याचा मला अभिमान आहे.

रात्रीच्या प्रार्थनेबद्दलही तू विचारलंस, की आजी सगळ्यांना एकत्र का बसवते, ज्याची त्याची प्रार्थना पुरे नाही का. एकेकट्याची प्रार्थना हवीच. पण आजीच्या घरात एक नियम आहे, तो तुझ्या लक्षात आला असेल: दिवसभरात कुणी कुणाला बोललं असेल तर प्रार्थनेआधी मिटवायचं. मोठ्यांनीसुद्धा. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, हे येशूचं सांगणं ती अक्षरशः घेते. माझे वडील सुनेसमोर, मुलांसमोर 'माझं चुकलं' म्हणताना मी पाहिले आहेत. आपल्याकडच्या पुरुषांना ते किती जड जातं, हे तू मोठी होशील तसं तुला कळेल.

शाळेत मित्रमैत्रिणींना आपल्या विश्वासाबद्दल कसं सांगू, असंही तू शेवटी विचारलं आहेस. सांग, जरूर सांग, विचारतील तेव्हा न लाजता सांग. पण त्याआधी एक काम आहे. तू निघालीस तेव्हापासून दादाशी बोललेली नाहीस. कुणाचं बरोबर होतं, ते मी विचारत नाही. या रविवारी प्रभुभोजन आहे, येशूच्या आठवणीत सगळे मिळून भाकर आणि द्राक्षरस घेतात ते. तुमच्याकडे शनिवारी रात्री आठ वाजतात तेव्हा दादा इथे नाश्ता करत असतो. तेव्हा फोन कर. तो उचलेपर्यंत वाजू दे.

तुझी,
आई