जाहिरातीतल्या गोऱ्या चेहऱ्यांचा पोरींच्या मनावर खरंच परिणाम होतो का?

तुम्ही लिहिलंय, धाकटी बहीण कॉलेजला लागल्यापासून ग्रुप फोटोत उभीच राहत नाही, सारखी क्रीमच्या जाहिराती बघते. परिणाम होतो की. मी बेळगावात शहापूरला ब्लाऊज शिवते, मापं घेताना पोरी काय काय बोलतात ते रोज ऐकते. "अक्का, ह्या पिवळ्यात मी काळी दिसणार काय?" नाहीतर "बाही कोपरापर्यंत ठेवा, दंड जाड दिसतात". वय 18-19, दंड अगदी चारचौघींसारखे.

आमच्या वेळी टीव्हीवर एकच गोष्ट, सावळी पोरगी तोंड पाडून बसलेली, ट्यूब लावली की नोकरीपण आणि नवरापण. फेअर अँड लव्हली 1975 पासून विकतात. 2014 ला जाहिरातवाल्यांच्याच एएससीआय संस्थेनं नियम केला की सावळ्या माणसाला दुःखी, कमनशिबी दाखवायचं नाही, मग 2020 ला नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. माझी आई अजून जुन्याच नावानं मागते आणि दुकानदार बरोबर देतो! पण तेव्हा जाहिरात संपली की मालिका सुरू व्हायची, आता मोबाईलातला फिल्टर तोच चेहरा पोरीच्या स्वतःच्या तोंडावर लावून दाखवतोय, मग आरशात बघितलं की तिला आपलंच तोंड नकोसं होतंय.

मी पण ह्यातून गेलेय. बघायला येणार म्हणून बिनचिठ्ठीची एक ट्यूब मेडिकलातनं आणून महिनाभर लावली, तोंड असं उजळलं की शेजारणी विचारायला लागल्या, आणि बंद केल्यावर आठवड्यात लालबुंद, आग, पुरळ. डॉक्टर म्हणाले, स्टेरॉइड आहे हे. (स्थळवाल्यांनी शेवटी उंचीवरून नाही म्हटलं, रंगाचं कुणी काढलंच नाही.) असली मलमं 2018 पासून चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम झालाय, तरी मिळतात.

तर बहिणीला "तू छान दिसतेस" म्हणून काय उपयोग नाही, घरच्यांचं ती धरणारच नाही. रंगावरून घरात कोण चेष्टा करतंय ते आधी बंद करा, मावशी-काकू असतील तरी. जेवण कमी केलं असेल, कॉलेज बुडवत असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि ती लावते त्या ट्यूबवर बारीक अक्षरात बेटामेथासोन नाहीतर मोमेटासोन असलं स्टेरॉइडचं नाव लिहिलंय का बघा. असेल तर ओढून फेकून देऊ नका, एकदम बंद केली की माझ्यासारखं होतंय, ट्यूब घेऊनच स्किनच्या डॉक्टरकडे जावा.