क्लबने सोडलेल्या बेसबॉल पिचरला

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

ट्रिपल-एच्या, म्हणजे मेजर लीगच्या एकच पायरी खालच्या, संघाने तुला सोडल्याचं तुझ्या आईकडून कळलं. तू म्हणे कोणाचाच फोन घेत नाहीस. नको घेऊस, पण एवढं वाच.

वेग वाढवून देणाऱ्या शिबिरांत लगेच पैसे ओतू नकोस. तुझ्याएवढा फास्टबॉल प्रत्येक संघात चौघांकडे असतो. हे तोंडावर तुला कोणी सांगणार नाही, म्हणून काका वाईट होतो.

रिच हिल आठव. २०१५ मध्ये पस्तिशीचा हा डावखुरा ट्रिपल-एमधूनही बाहेर होता. घराजवळ शाळकरी पोरांच्या संघाबरोबर हात मोकळा करायचा. मग लाँग आयलंड डक्सकडून खेळला. हा संघ कुठल्याही मोठ्या क्लबशी जोडलेला नाही. दोनच सामने: ११ इनिंग्ज, २१ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), धाव एकही नाही. मेजर लीगमधल्या बॉस्टनने उचलला. तिथे पिचिंगचं विश्लेषण करणाऱ्या ब्रायन बॅनिस्टरने त्याच्या वेगाची चिंता केलीच नाही. कर्व्ह, म्हणजे वळून खाली पडणारा चेंडू, इतका चांगला असताना तो जपून का टाकायचा, एवढंच त्याचं म्हणणं. हिल मग कधी हळू, कधी जोरात, कधी हात खाली घेऊन कर्व्हच टाकत सुटला. २०१६ संपता संपता डॉजर्सने त्याच्याशी तीन वर्षांचा ४.८ कोटी डॉलरचा करार केला. २०२५ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी कॅन्सस सिटीची जर्सी चढवली, ती चौदावी. याआधी चौदा संघ एकट्या एडविन जॅक्सन या पिचरने केले होते. जॅक्सन १०७ सामने जिंकला, १३३ हरला. तरी सतरा हंगाम त्याला कोणी ना कोणी बोलावत राहिलं.

तुझा चेंजअप, तो फास्टबॉलसारखा दिसून हळू येणारा चेंडू, मी पाहिलाय. सामन्यात पाच-सहा वेळा टाकतोस, तेही घाबरत. बॅटर मात्र त्यालाच फसतात.

पैशाचं थोडक्यात. मेजर लीगच्या यादीत ४३ दिवस भरले की पेन्शन लागू होते. तुझा अजून एकही भरलेला नाही, त्यामुळे घराच्या हप्त्यांचा विषय सध्या काढू नकोस. विंचवाचं बिऱ्हाड आहे तुझं. महिन्याच्या भाड्याची खोली बरी.

शनिवारी सकाळी शाळेच्या मैदानावर ये. कॅचरसारखं उकिडवं बसणं माझ्या गुडघ्यांना झेपणार नाही, बादली उलटी घालून बसेन. फास्टबॉल एकही टाकायचा नाही. आणि जरा खाली टाक, माझा चश्मा नवा आहे.

तुझा,
काका