पोडावर पाहुणे म्हणून जाताना

प्रश्न : आम्ही लातूरचे चार मित्र. आदिवासी गावांतून पायी हिंडायचंय. मेळघाट किंवा भामरागडच गाठावं लागेल का?

कशाला? नांदेड जिल्ह्यातल्या किनवटचं तिकीट काढा. नंदीग्राम एक्सप्रेस नांदेडहून थेट तिथं जाते. किनवट-माहूरच्या डोंगरात गोंड, कोलाम, परधान, आंध यांची गावं आहेत. 1956 पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं. राज्याची हद्द नंतर आली, सोयरिकी जुन्याच राहिल्या. पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. ते गाव आज तेलंगणात आहे, तरी इकडचे गोंड तिथं जातातच. एखादी म्हातारी गोंडीत सुरुवात करून तेलुगूवरून मराठीत येते आणि तिला त्याचं काही वाटत नाही.

तुमच्या पत्रात तीन दिवसांत आठ गावं लिहिली आहेत. त्यातली सात खोडा. सहस्रकुंडचा धबधबा, उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे, माहूरची रेणुका हे घाईत उरकलं तरी चालतं, गाव नाही. एका गावात दोन दिवस राहा आणि तिथूनच आसपासच्या टेकड्या चढा.

प्रश्न : परवानगी कोणाची घ्यायची? (परभणी)

पैनगंगा अभयारण्यात शिरायचं तर वनखात्याची. गावात राहायचं तर गावाची. किनवट तालुक्यातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत आणि 1996 च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. सरपंचाला आधी फोन करा, पोचल्यावर गावच्या पाटलाला भेटा. कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, नाईक हा प्रमुख असतो. गोंड गावात ‘जय सेवा’ म्हणा, कुठेही ‘राम राम’ चालतं. आधी चावडीवर टेका, पाणी प्या, कोण कुठले ते सांगा. थेट कुणाच्या अंगणात शिरून मोबाईल वर करणारा पाहुणा मला तरी पाहुणा वाटत नाही.

प्रश्न : दिवाळीत दंडार बघायला यायचंय. फोटो काढू देतात का? (नांदेडचं जोडपं)

या, जरूर या. पण गोंडांचा हा दिवाळीतला नाच म्हणजे आपल्याकडच्या हॉलमधला कार्यक्रम नव्हे. एका गावची दंडारीची मंडळी ढोल-तुडुम वाजवत दुसऱ्या गावी पाहुणी जातात. यजमान गाव त्यांना जेवू घालतं, रात्रभर नाच चालतो आणि कडेला बसलेली वडीलधारी मंडळी पोरापोरींच्या सोयरिकीचं बोलून घेतात. म्हणजे तुम्ही दोन गावांच्या भेटीत तिसरे असता. मागे बसा.

दंडारीतला सजलेला नर्तक, घुसाडी, पाहाल तर नजर हटणार नाही. डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा मुकुट, अंगभर राख, खांद्यावर कातडं, हातात काठी. तो मुकुट निघण्याआधी पुजला जातो. सणाच्या त्या दिवसांत घुसाडीच्या अंगी देव असतो अशी श्रद्धा आहे, म्हणून ‘दादा, जरा इकडे बघा’ असं म्हणू नका आणि मुकुट घालून सेल्फी तर मुळीच मागू नका. नाच चालू असताना, पाटलाला विचारून, फ्लॅश न मारता फोटो काढले तर सहसा कुणी अडवत नाही. देवाच्या ठाण्याचे मात्र काढू नयेत. कुणी ‘नको’ म्हटलं तर कॅमेरा पिशवीत. कारण विचारायचं नाही.

प्रश्न : मुलांसाठी चॉकलेटं आणि जुने कपडे नेले तर? (अंबाजोगाई)

नका नेऊ. एकदा वाटली की पुढच्या गाडीमागे मुलं पळू लागतात, आणि त्यांच्या आईबापांना ते आवडत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर कामाचे द्या. वाट दाखवायला गावातलाच माणूस घ्या, त्याची दिवसाची मजुरी आधी ठरवा आणि ती त्याच्याच हातात द्या. जेवणाचे पैसे स्वयंपाक करणाऱ्या बाईला द्या. कोलामांचा बुरूडकामात हात बसलेला आहे. सूप, टोपली घ्या आणि भावात घासाघीस करू नका. एका टोपलीमागे बांबू तोडणं, चिरणं, तासणं आणि विणणं असतं.

प्रश्न : मार्चमध्ये सुट्टी आहे. तेव्हा जंगलात हिंडणं बरं का? (छत्रपती संभाजीनगर)

चालायला ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरा. पण मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो, आणि ते बघायचं तर ऊन सोसावं लागेल. फुलं रात्रीपासून पहाटेपर्यंत टपटपतात. उजाडायच्या आत घरची सगळी माणसं टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. कुठलं झाड कोणाच्या घराचं हे गावाला ठाऊक असतं, तेव्हा सडा दिसला म्हणून तुडवत जाऊ नका, मूठभर उचलूही नका. तो वर्षाच्या मिळकतीतला वाटा आहे. अंधारात एकटे फिरू नका, मोह अस्वलालाही आवडतो. विडी-काडी तर अजिबात नको, पाचोळा वाळलेला असतो. प्यायचं पाणी बरोबर भरपूर ठेवा, दहानंतर सावली धरा.

प्रश्न : मोहाची दारू पुढे केली तर? (बीड)

पूजेत आणि पाहुणचारात तिला मान आहे, घरी गाळण्यावर मात्र कायद्याची बंधनं आहेत. नको असेल तर हात जोडून ‘मी घेत नाही’ म्हणा, कुणाला राग येत नाही. राग येतो तो शहरातून येऊन ती मागणाऱ्याचा.